ओढून नेलेल्या बायका : रोम ते माद्रिद, सात दिवस

इटालियन पाट्यांवर शब्द असतो ‘रात्तो’. लॅटिन ‘राप्तुस’वरून आलेला, मूळ अर्थ हिसकावून नेणं, उचलून नेणं. इंग्रजीत तोच ‘रेप’ झाला आणि सरकत सरकत बलात्कार या अर्थावर येऊन थांबला. मराठीत असाच घोळ ‘हरण’ या शब्दात आहे. सीताहरण आणि रुक्मिणीहरण. सीतेला रावणाने फसवून नेलं, तर रुक्मिणीने स्वतःच कृष्णाला पत्र धाडून बोलावून घेतलं. प्रकरणं दोन, शब्द एकच. सतराव्या शतकातल्या युरोपियन चित्रकारांनी आणि त्यांना पैसे देणाऱ्यांनी या संदिग्धतेचा पुरेपूर फायदा उठवला. म्हणून या सहलीत पाटी शेवटी वाचायची. आधी पुरुषाचा हात बघायचा, मग बाईचे पाय, मग तिचं तोंड, आणि मग आजूबाजूला कोण उभं आहे ते.

निघण्याआधी एक हिशेब. रोममधली बोर्गेसे आणि बार्बेरिनी, फ्लॉरेन्समधलं उफीत्सी आणि म्युनिकचं आल्टे पिनाकोटेक, ही चारही संग्रहालयं सोमवारी बंद. बुधवारी रोममध्ये सुरुवात केली तर हा सोमवार बरोबर चुकतो आणि म्युनिक रविवारी येतं. रविवारी तिथल्या कायमच्या संग्रहाचं तिकीट १ युरो असतं.

दिवस पहिला : रोम, बोर्गेसे

बोर्गेसे गॅलरीत आयत्या वेळी जाऊन आत शिरता येत नाही. दोन-दोन तासांच्या पाळ्या असतात, तिकीट आधी काढावं लागतं आणि पाळी संपली की बाहेर काढतात. पिशवी खाली सामानघरात ठेवावी लागते, त्यात वेळ जातो. बहुतेक लोक आत आल्याबरोबर पहिल्या दालनातच पंधरा मिनिटं घालवतात. त्यांना घालवू द्यावीत. आपण सरळ चौथं दालन गाठायचं, तिथे मधोमध शिल्पकार बर्निनीचा ‘प्लूटो आणि प्रोसर्पिना’ आहे : पाताळाचा देव प्लूटो फुलं वेचणाऱ्या प्रोसर्पिनाला पळवून नेतो तो क्षण. १६२१-२२ मधलं कॅराराच्या संगमरवराचं काम. तेव्हा बर्निनी तेवीस वर्षांचा होता.

फोटोत सगळे एकच जागा दाखवतात : प्लूटोची बोटं प्रोसर्पिनाच्या मांडीत रुतलेली. दगड पिठाच्या गोळ्यासारखा दबलेला दिसतो, त्यामुळे ‘काय कौशल्य आहे!’ हे तोंडातून निघतंच. पण तिथेच अडकलं तर बाकीचं निसटतं. शिल्पाला एक पूर्ण फेरी मारावी. प्रोसर्पिनाच्या डाव्या हाताचा तळवा प्लूटोच्या चेहऱ्यावर दाबलेला आहे. इतका, की त्याच्या भुवईची कातडी सुरकुतून वर सरकली आहे. दबलेलं मांस दोन ठिकाणी आहे, एक तिचं, एक त्याचं. दुसरं कोणी फोटोत घेत नाही. तिच्या गालावर अश्रूही कोरलेला आहे, तो बाजूने उजेड आला की दिसतो.

मागचा तीन तोंडांचा कुत्रा, सेर्बेरस, कथेसाठी आहे तसाच वजनासाठीही आहे. दोन शरीरांचा भार प्लूटोच्या दोन पायांवर पेलला नसता, नडगीपाशी तडा गेला असता. म्हणून मागे दगडाचा ठोकळा ठेवावा लागला आणि त्याचाच कुत्रा झाला. रोमन कवी ओविडच्या ‘मेटामॉर्फोसिस’ या काव्याच्या पाचव्या सर्गात मात्र या प्रसंगाला आणखी एक साक्षीदार आहे : सियाने नावाची जलदेवता. ती हात पसरून प्लूटोची वाट अडवते, ‘विचारून न्यायची होतीस, ओढून नाही,’ अशा अर्थाचं त्याला सुनावते. बर्निनीने कुत्रा घेतला, सियाने गाळली. दोन आकृत्यांच्या गटात तिसरीला जागा नव्हती हे खरंच. पण अडवणारी काढून टाकली की उरतात फक्त नेणारा, नेली जाणारी आणि बघणारे आपण.

मूळ चौथऱ्यासाठी माफेओ बार्बेरिनीने, म्हणजे पुढे पोप झालेल्या आठव्या अर्बनने, लॅटिन ओळी लिहिल्या होत्या. त्यात प्रोसर्पिना बोलते : वाकून फुलं वेचणाऱ्या माणसा, बघ, क्रूर देव मला त्याच्या घरी ओढून नेतोय. शेजारच्या तिसऱ्या दालनात ‘अपोलो आणि डॅफ्ने’ (१६२२-२५) आहे, अपोलो देव पाठलाग करतो आणि सुटण्यासाठी डॅफ्नेचं झाड होतं ती कथा. त्याच्या चौथऱ्यावरही त्याच कवीची ओळ आहे. तिचा रोख मात्र वेगळा : क्षणभंगुर सौंदर्यामागे धावणाऱ्याच्या हाती शेवटी पानं आणि कडू फळं येतात. पाठलाग तिचा झाला आणि उपदेश त्याला! कार्डिनल बोर्गेसे या बड्या धर्माधिकाऱ्याच्या बंगल्यात नग्न शिल्प ठेवायचं तर असा नैतिक मुलामा लागायचाच. डॅफ्नेच्या बोटांतून फुटलेली इतकी पातळ पानं बर्निनीचा साहाय्यक जुलियानो फिनेल्ली याने कोरली, हे मात्र चौथऱ्यावर कुठे लिहिलेलं नाही.

वरच्या मजल्यावर चित्रकार रुबेन्सची ‘सुझाना आणि म्हातारे’ आहे. तिच्यापुढे पाच मिनिटं द्यावीत आणि तिची बसण्याची ढब वहीत रेखाटून ठेवावी. सहाव्या दिवशी लागेल.

दिवस दुसरा : रोम, पायी

सकाळी कॅपिटोलिन संग्रहालय. चित्रदालन वरच्या मजल्यावर. पिएत्रो दा कोर्तोनाचा ‘सबाइन स्त्रियांचं अपहरण’ साधारण १६३० चा आहे, सव्वाचार मीटर रुंद. रोम शहर नवं, बायका नाहीत, म्हणून रोम्युलसने शेजारच्या सबाइन लोकांना उत्सवाला बोलावलं आणि खूण होताच त्यांच्या मुली पळवल्या, ही ती कथा. इटलीत त्याआधी दीड-दोनशे वर्षं नवरीच्या लाकडी पेट्यांवर हीच कथा रंगवत. संसाराची सुरुवात कशी होते याचं चित्र म्हणून!

कोर्तोनाच्या चित्राच्या डाव्या अंगाची जोडी बघताच कालचा प्लूटो आठवतो. तोच पेच, तेच वर फेकलेले हात. दहा वर्षांच्या आत शिल्पातला हिंसेचा तपशील नमुना बनला होता, कुठेही बसवता येईल असा. नमुना झाला की दबलेली बोटं, सुरकुतलेली भुवई गळतात आणि फक्त नाचासारखी लय उरते. चित्राला सहा-सात पावलं अंतर द्यावं. जवळून ओरडणारी तोंडं दिसतात, दुरून रंगीत पदरांची लाट.

दुपारी पालाझो बार्बेरिनी. काराव्हाज्जोची ‘ज्युडिथ’ (साधारण १५९९). शत्रूचा सेनापती होलोफर्नेस याचं मुंडकं कापणारी ज्युडिथ ही बायबलमधल्या कथेतली विधवा. इथे ती हात लांब धरून मागे झुकली आहे, कपाळाला आठी. हे अंतर डोक्यात ठेवावं, उद्या फ्लॉरेन्समध्ये ते मोजायचं आहे.

तिथून पियाझ्झा दि स्पान्याजवळच्या व्हिया देल्ला क्रोचेपर्यंत पंधरा मिनिटांची चाल. आज कपड्यांची दुकानं आणि खानावळी. १६११ च्या मे महिन्यात याच रस्त्यावरच्या घरात चित्रकार ओराझिओ जेंतिलेस्कीच्या सतरा वर्षांच्या, स्वतःही चित्रं काढणाऱ्या मुलीवर, आर्तेमिझियावर, अगोस्तिनो तास्सीने बलात्कार केला. तास्सी बापाचा सहकारी चित्रकार. वर राहणारी तुझिया ही शेजारीण सामील होती, असा आरोप झाला. पुढच्या वर्षी खटला चालला, सुमारे सात महिने. त्याचे कागद रोमच्या सरकारी दफ्तरखान्यात, सांत’इव्होच्या वास्तूत, आजही आहेत.

त्या कागदांत काय आहे हे नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढची सगळी चित्रं त्याच कायद्याच्या जगातली. गुन्ह्याचं नाव ‘स्तुप्रो’, म्हणजे कुमारिकेचा कौमार्यभंग. फिर्याद बापाने पोपकडे केली, कारण नुकसान त्याच्या अब्रूचं मानलं जाई. बलात्कारानंतर तास्सीने लग्नाचं वचन दिलं होतं. ते पाळलं असतं तर प्रकरण मिटलंच असतं. सुइणींनी तिची तपासणी केली. साक्ष खरी की खोटी हे ठरवायला तिच्या बोटांभोवती ‘सिबिल्ले’ आवळले : प्रत्येक बोटाला दोरी आणि ती पिळून घट्ट करत जायची. चित्रकाराची बोटं. तास्सी समोर उभा होता. ती एकच वाक्य परत परत म्हणत राहिली, ‘खरं आहे, खरं आहे.’ नोव्हेंबर १६१२ मध्ये तो दोषी ठरला. सक्तमजुरी किंवा रोममधून हद्दपारी यांतलं एक निवडायचं होतं. त्याने हद्दपारी निवडली आणि ती कधी धड अमलात आलीच नाही. १६१६-१७ मध्ये तो पोपच्या क्विरिनाल राजवाड्यात भिंती रंगवत होता. १६२१ मध्ये लुदोव्हिसी घराण्याच्या बागेतल्या बंगलीत ग्वेर्चिनो या चित्रकाराच्या ‘अरोरा’ या छतचित्राभोवतीची भासमान वास्तुरचना त्यानेच केली. कार्डिनल बोर्गेसेने १६२२ मध्ये प्रोसर्पिना भेट म्हणून पाठवली तीही त्याच लुदोव्हिसींकडे. १९०८ मध्ये इटालियन सरकारने विकत घेईपर्यंत ती तिथेच होती. रोम तेव्हा फार लहान गाव होतं.

दिवस तिसरा : फ्लॉरेन्स

वेगवान गाडीने दीड तास. स्टेशनवरून पायी आधी लोज्जा देई लान्झी ही कमानींची ओसरी, कारण ती उघड्यावर आहे आणि फुकट आहे. ज्याम्बोलोन्याचं तीन आकृत्यांचं वर वळत जाणारं शिल्प, १५८३. हे बरोकच्या, म्हणजे सतराव्या शतकातल्या नाट्यमय शैलीच्या, आधीचं, पण पुढच्या सगळ्यांचं बीज यात आहे. गंमत म्हणजे याला आधी नावच नव्हतं. एकाच शिळेतून तीन देह एकमेकांत गुंफायचे हे कसब दाखवायचं होतं. काम उरकल्यावर ‘सबाइन’ हे नाव चिकटवलं गेलं. खाली दबलेला म्हातारा, मध्ये तरुण, वर ओरडणारी बाई. चारही बाजूंनी सारखंच चांगलं दिसतं आणि हीच त्याची गोची आहे : कुठूनही बघा, तिची किंकाळी रचनेचा वरचा कळस होऊन बसते.

बार्जेलो संग्रहालयात एकच अर्धपुतळा गाठायचा. कोस्तान्झा बोनारेल्ली, बर्निनीच्या हातची. केस विस्कटलेले, चोळीची बटणं सुटलेली, ओठ किंचित उघडे. सतराव्या शतकातला सर्वांत जिवंत चेहरा म्हणून हिचं कौतुक होतं. १६३८ मध्ये आपल्या सख्ख्या भावाचेही तिच्याशी संबंध असल्याचं कळल्यावर बर्निनीने नोकर पाठवून याच चेहऱ्यावर वस्तऱ्याने वार करवले. त्याला दंड झाला, पोपने तो माफ केला. कोस्तान्झाला बंदिस्त आश्रमात ठेवलं. हे माहीत असलं की पुतळ्यापुढे उभं राहणं कठीण जातं, आणि जावंच.

उफीत्सीत आर्तेमिझियाची दुसरी ‘ज्युडिथ’, साधारण १६२०. (पहिली नेपल्सच्या कापोदिमोन्तेत आहे, कडा कापल्या गेलेली, आकाराने लहान.) आता कालचं अंतर मोजायचं. काराव्हाज्जोची ज्युडिथ मागे झुकते, ही पुढे. बाह्या वर सारलेल्या. काराव्हाज्जोकडे दासी म्हातारी आणि नुसती पिशवी धरून उभी. इथे दासी तरुण, आणि तिने होलोफर्नेसला आपल्या वजनाने खाली दाबून धरलं आहे. दोन बायका लागतात, कारण जिवंत पुरुषाची मान कापणं हे एकटीचं काम नाही. हा विचार ज्याने मारामारी कल्पनेत नाही, अंगाने समजून घेतली त्यालाच सुचतो. रक्ताच्या चिळकांड्या वक्र रेषेत उडतात आणि तिच्या छातीवर थेंब पडले आहेत. पात्यावर तिची सही आहे.

मार्गदर्शक इथे हमखास सांगतात की हा तास्सीवरचा सूड. असेलही. पण या वाचनात एक खोट आहे : पुरुष चित्रकारांच्या ‘ज्युडिथ’ला आपण रचना, प्रकाश, परंपरा यांनी मोजतो आणि हिचं चित्र आलं की लगेच पोलीस-पंचनामा उघडतो. तिने त्यानंतर चाळीसेक वर्षं चित्रं काढून पोट भरलं.

दिवस चौथा : ब्रेनर खिंड

पूर्ण दिवस गाडीत. बोलोन्या, व्हेरोना, मग आल्प्स. मेटामॉर्फोसिसचा पाचवा आणि सहावा सर्ग वाचून काढावा. दोन्ही मिळून दोन-अडीच तासांचं वाचन आहे आणि माद्रिदला त्याशिवाय काही कळणार नाही.

दिवस पाचवा : म्युनिक

सत्तावीस नंबरची ट्राम पिनाकोटेकन थांब्यावर सोडते. रुबेन्सचं ‘ल्युसिप्पसच्या मुलींचं अपहरण’, साधारण १६१८. २२४ बाय २१० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ चौरस. ग्रीक पुराणातले कॅस्टर आणि पोलक्स हे जुळे भाऊ, त्यांनी पळवलेल्या दोन बहिणी, दोन घोडे.

या चित्राची ताकद आणि फसवणूक दोन्ही भूमितीत आहेत. चौरसात एक कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन बसवला आहे आणि दोन बायकांची गोरी अंगं त्याचा गाभा. एकीची पाठ, दुसरीचं पोट, जणू एकच शरीर दोन बाजूंनी दाखवलं आहे. क्षितिज फार खाली, त्यामुळे सगळे आकाशासमोर तरंगतात. वजन कुठेच जाणवत नाही. बर्निनीला दगडाच्या वजनासाठी कुत्रा लागला होता. रंगात ती अडचण नाही.

आता हात. प्लूटोच्या पकडीशी ताडून बघा. इथे कातडीवर वळ नाही, ओरखडा नाही, बऱ्याच ठिकाणी हात आणि अंग यांच्यामध्ये रेशमी कापड येतं. मग तोंडं : वरचीचे डोळे आकाशाकडे, संतिणींच्या चित्रात असतात तसे. आणि डावीकडे पंखवाला क्युपिड, म्हणजे प्रेमाचा देव, घोड्याचा लगाम धरून आपल्याकडे बघतोय. तो एकदा दिसला की चित्राचा निकाल लागतो : क्युपिड आहे म्हणजे प्रेम आहे, असं सांगायला तो तिथे ठेवला आहे. अठराव्या शतकात विल्हेल्म हाइन्झेने ओळखेपर्यंत कथा कोणती हेही लोकांच्या लक्षात नव्हतं. कथेवाचूनही चित्र उत्तम चालत होतं.

काही अभ्यासक याचा धागा १६१५ च्या राजकीय विवाहांशी जोडतात. फ्रान्स आणि स्पेनने तेव्हा राजकन्यांची अदलाबदल केली : स्पेनची आना तेराव्या लुईला, फ्रान्सची एलिझाबेथ स्पेनच्या राजपुत्राला. दोन मुली, दोन वर, एकाच वेळी. तो राजपुत्र पुढे चौथा फिलिप झाला. त्याच्याच भिंतींवरची चित्रं माद्रिदला बघायची आहेत.

बाहेर पडण्याआधी व्हॅन डाइकची सुझाना बघून घ्यावी. लाल कापड अंगाशी ओढून घेणारी.

दिवस सहावा : पोमर्सफेल्डन

हा दिवस बहुतेक लोक गाळतात. न्यूरेंबर्गमार्गे बाम्बर्ग, तिथून सुमारे वीस किलोमीटरवर शॉनबॉर्न घराण्याचा वाइसेनस्टाइन राजवाडा. आत फक्त मार्गदर्शकाबरोबर, तेही उन्हाळी हंगामात. निघण्याआधी पत्र लिहून एकच प्रश्न विचारावा : आर्तेमिझियाची सुझाना जागेवर आहे की प्रदर्शनाला गेली आहे? ती वरचेवर जाते. हा प्रश्न न विचारता गेलं तर कोऱ्या भिंतीपुढे उभं राहायची वेळ येते.

चित्र १७० सेंटिमीटर उंच, सही आणि साल १६१०. बायबलमधली गोष्ट : अंघोळ करणाऱ्या सुझानाला दोन म्हातारे न्यायाधीश धमकावतात, आमचं ऐक, नाहीतर तुला परपुरुषाबरोबर पाहिलं अशी साक्ष देऊ. दानिएल नावाचा तरुण दोघांना वेगवेगळं बोलावून विचारतो, कोणत्या झाडाखाली? एक एक झाड सांगतो, दुसरा दुसरं, आणि खोटं उघडं पडतं.

आता बोर्गेसेची वही काढावी. पुरुषांच्या सुझानांना बहुधा बाग असते, कारंजं असतं, पाण्याचा आवाज ऐकू यावा इतकी हिरवळ असते. इथे झाडच नाही. एक दगडी बाक, एक दगडी कठडा, आणि त्यावरून ओणवलेले दोन पुरुष, ज्यांचे कपडे मिळून एकच ढीग झाला आहे. दोघांपैकी एक म्हातारा नाहीच, केस काळे कुळकुळीत. दुसऱ्याचं बोट ओठांवर : गप्प बस. सुझानाचं अंग कमरेत पिळलेलं, पोटाला वळी पडलेली, दोन्ही हात एका बाजूला आणि मान दुसरीकडे. ही पोझ सुंदर दिसत नाही, कारण घाबरलेलं शरीर सुंदर दिसायच्या भानगडीत पडत नाही.

दोन चुका इथे नेहमी होतात. पहिली : हे चित्र बलात्काराची प्रतिक्रिया आहे असं म्हणणं. साल १६१०, घटना १६११ ची. तेव्हा ती सोळा-सतरा वर्षांची होती आणि घरी येणाऱ्या पुरुषांच्या नजरा तिला माहीत होत्या, एवढंच म्हणता येतं. दुसरी चूक इंटरनेटवर फिरते : या चित्राखाली किंचाळणारी, हातात सुरी घेतलेली सुझाना क्ष-किरणांत सापडली, असा फोटो. ती कॅथलीन गिल्ये या अमेरिकन चित्रकर्तीची १९९८ मधली स्वतंत्र कलाकृती आहे. तिने चित्राची नक्कल काढताना खाली मुद्दाम दुसरं चित्र रंगवलं आणि मग त्याचा क्ष-किरण घेतला. कल्पना जबरदस्त, पण तो १६१० चा पुरावा नव्हे.

दिवस सातवा : माद्रिद

प्राडो या माद्रिदच्या चित्रसंग्रहालयात फोटो काढायला बंदी. वही आणि पेन्सिल न्यावी. संध्याकाळचे शेवटचे दोन तास फुकट असतात, पण रांग लांब आणि गर्दी दाट. आजच्या कामासाठी सकाळचं तिकीट काढावं.

चौथ्या फिलिपने १६३६ मध्ये माद्रिदबाहेरच्या तोर्रे दे ला पारादा या शिकारबंगल्यासाठी रुबेन्सकडे साठाहून जास्त चित्रं मागवली, बहुतेक ओविडच्या कथा. रुबेन्सने छोटे कच्चे आराखडे रंगवले, मोठी चित्रं बरीचशी इतरांनी पुरी केली. त्याच बंगल्यात शिकारीच्या कुत्र्यांची, हरणांची चित्रंही होती. पाठलाग होणारं जनावर आणि पाठलाग होणारी बाई, एकाच छताखाली. पुढे १८२७ ते १८३८ या काळात प्राडोने नग्न चित्रं एका राखीव खोलीत ठेवली होती. आक्षेप हिंसेला नव्हता, कपडे नसण्याला होता.

रुबेन्सची ‘प्रोसर्पिना’ बर्निनीच्या शेजारी मनात ठेवावी. इथे मिनर्व्हा, डायना आणि व्हीनस या तिघी देवी मागे धावल्यात, मिनर्व्हा प्लूटोला अडवायला बघतेय. गाळलेली सियाने जणू तिप्पट होऊन परत आली. आणि ‘तेरेउसची मेजवानी’ तर अपहरण संपल्यानंतरची. राजा तेरेउसने मेहुणी फिलोमेलावर बलात्कार केला आणि बोलू नये म्हणून तिची जीभ कापली. तिने घडलेलं सगळं कापडात विणून बहिणीला पाठवलं. चित्रात दोघी बहिणी त्याच्या मुलाचं मुंडकं त्याच्यापुढे धरतात आणि तो लाथेने टेबल उलथवतो. सात दिवसांत दचकलेला पुरुष इथे दिसतो.

शेवटी स्पॅनिश चित्रकार वेलास्केसचं ‘सूत कातणाऱ्या’. चित्राला अठराव्या शतकात वर आणि बाजूंना पट्ट्या जोडल्या होत्या. २०२१ पासून नव्या चौकटीने त्या झाकल्या आहेत, म्हणून जुन्या पुस्तकातलं चित्र मोठं आणि समोरचं लहान वाटतं. पुढे पाच बायका कामात. चरख्याच्या आऱ्या दिसत नाहीत, इतका तो वेगात फिरतोय. कित्येक वर्षं हा कारखान्याचा देखावा मानला जाई. १६६४ च्या एका यादीत याचं नाव ‘अरॅक्नेची कथा’ असं सापडलं आणि सगळ्यांच्या नजरा मागच्या उजळ कोनाड्याकडे वळल्या. तिथे शिरस्त्राण घातलेली मिनर्व्हा, तिच्यापुढे तिच्याशी विणकामाची पैज लावलेली विणकर अरॅक्ने, आणि मागे अरॅक्नेने विणलेला पडदा. ओविड सांगतो त्याप्रमाणे तिने देवांनी फसवून नासवलेल्या बायका एकेक करून विणल्या : युरोपा, लीडा, डॅनाए. वेलास्केसने त्यातली, बैलाच्या रूपातल्या देवाने पळवलेली युरोपा घेतली, तीही तिशियनच्या चित्रातून. तिशियनचं मूळ चित्र आता बॉस्टनला आहे. रुबेन्सने १६२८-२९ मध्ये माद्रिदला येऊन केलेली नक्कल याच इमारतीत आहे. दोन्हींमध्ये एकदा जाऊन-येऊन करावं, कारण पडद्यावर फक्त काही फटकारे आहेत : एक बैल, एक हात, हवेत एक कापड.

ओविडमध्ये मिनर्व्हाला विणकामात एकही चूक सापडत नाही. मग ती कापड फाडते आणि धोट्याने अरॅक्नेच्या कपाळावर मारते. इथे तिचा हात वर गेलेला आहे. कापड अजून शाबूत आहे.